घरं पाडून खबर मिळत नाही

पहलगामच्या बैसरन पठारावर 22 एप्रिल 2025 रोजी 26 जण मारले गेले. त्यांत डोंबिवली, पुणे आणि पनवेलचे मिळून 6 जण होते, त्यामुळे गोव्यातल्या मराठी घरांनाही ती बातमी परकी वाटली नाही. पुढच्या काही दिवसांत काश्मीर खोऱ्यात संशयित अतिरेक्यांची घरं एकामागून एक स्फोटकांनी उडवली गेली. आमच्या वाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचे व्हिडिओ येऊन पडत होते. भिंत बसायची, धूळ उठायची आणि खाली अंगठ्यांची रांग लागायची. 'याला म्हणतात अद्दल.' एकानं तर सुचवलं की कळंगुट-कांदोळीला शाली आणि गालिचे विकणाऱ्या काश्मिरींनाही आता गाशा गुंडाळायला लावा. त्याच्याच मामाचा गाळा एका काश्मिरी दुकानदाराला भाड्यानं दिलेला आहे, हे घाईत त्याच्या लक्षात आलं नसावं.

राग मलाही आला होता आणि तो गेलेला नाही. प्रेतं घरी पोचायच्या आधीच 'मूळ कारणां'वर व्याख्यान झोडणाऱ्यांतला मी नव्हे. खुनी सापडावा, खटला चालून फासावर जावा. शरण येत नसेल तर चकमकीत मरावा. सीमेपलीकडचे तळ उडवले, तरी माझी हरकत नाही. कसाबवर रीतसर खटला चालला, वरच्या न्यायालयांत अपिलं झाली आणि 21 नोव्हेंबर 2012 रोजी येरवड्यात त्याला फाशी दिली. त्यात देश कुठे मऊ पडला? माझं भांडण आहे ते पुढच्या पायरीशी. गुन्हेगार हाती लागत नाही म्हणून त्याच्या आईबापांना, गावाला, नाहीतर अख्ख्या जमातीला धरायचं आणि वर त्याला 'कडक धोरण' म्हणायचं. यात अन्याय आहे हे बहुतेकांना कळतं. पण 'अन्याय झाला तर झाला, दहशत तरी बसते ना' असं मनातल्या मनात म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याशीच मला बोलायचं आहे, आणि तेही उपयोगाच्या भाषेत.

पहलगामचंच पुढचं पाहा. मेलेल्या 26 जणांत पर्यटकांना वाचवायला धावलेला एक काश्मिरी घोडेवालाही होता. दुसऱ्या दिवशी खोऱ्यात कडकडीत बंद पाळला गेला आणि तो अतिरेक्यांच्या निषेधाचा होता. मशिदींतून निषेध झाला, लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. कित्येक वर्षांत न दिसलेली ही गोष्ट सरकारच्या पदरात आयती पडली होती. त्यानंतर दोन-चार दिवसांतच घरं उडवायला सुरुवात झाली. त्या घरांत राहत होते ते म्हातारे आईबाप, बहिणी, कुठे भावाचा संसार. ज्याच्या नावानं घर पाडलं, तो काही ठिकाणी वर्षानुवर्षं तिकडे फिरकलेलाही नव्हता. पुढे 28 जुलैला श्रीनगरजवळच्या दाचीगामच्या जंगलात हल्लेखोर म्हणून जे तिघे मारले गेले, ते तिघेही पाकिस्तानी होते, असं गृहमंत्र्यांनीच संसदेत सांगितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? सर्वोच्च न्यायालयानं 13 नोव्हेंबर 2024 रोजी बजावलं होतं की आरोपी आहे, इतकंच काय दोषी ठरला आहे, म्हणूनही सरकारला कुणाचं घर पाडता येणार नाही. त्या निकालाला जेमतेम पाच महिने झाले होते.

गाव धरून शिक्षा करण्याचा प्रयोग गोव्याला नवा नाही. दक्षिण गोव्यातल्या साष्टीत पोर्तुगीज देवळं पाडत होते तेव्हा कुंकळ्ळी, असोळणे, वेळ्ळी, आंबेली या पट्ट्यातल्या गावांनी कर द्यायचं नाकारलं. सैन्य आलं, देवळं जाळून गेलं. लोकांनी ती पुन्हा उभी केली. 15 जुलै 1583 रोजी कुंकळ्ळीत आलेल्या पाच जेझुइट पाद्रींना आणि त्यांच्याबरोबरच्या काही जणांना गावकऱ्यांनी ठार केलं. अकबराच्या दरबारात राहून आलेले रोडोल्फो आक्वाविवा त्या पाचांत होते. पाद्री निःशस्त्र होते, ही गोष्ट आपण आपल्या सोयीसाठी गाळू नये. पोर्तुगिजांनी सूड घेतला तो मात्र सगळ्या मुलखावर. सोळा प्रमुख गावकारांना बोलणी करायची म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथेच त्यांची कत्तल केली. एकटा नदीत उडी टाकून निसटला असं परंपरा सांगते. जमिनींवरचे हक्क काढून घेतले आणि ती गावं दुसऱ्यांच्या हवाली केली.

अद्दल घडवायची तर याहून मोठी कोणती घडवणार? तरीही आज फाल्गुनात कुंकळ्ळीला जाऊन उभे राहा. त्या काळी फातर्प्याला न्यावी लागलेली शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण पांढऱ्या-तांबड्या छत्र्यांच्या मिरवणुकीनं आपल्या जुन्या ठिकाणी येते. बारा वांगडांची, म्हणजे कुळांची, माणसं आपापली छत्री धरून गुलालात न्हालेली असतात आणि कुठली छत्री कुणाच्या घराण्याची हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. मारल्या गेलेल्या गावकारांचं स्मारक गावात आहे. ज्यांनी त्यांना मारलं त्यांचं नाव गावात कुणाला विचारा, सांगता येणार नाही.

इथे कुणीतरी रागावेल. आमच्या पूर्वजांना अतिरेक्यांच्या पंगतीला बसवता का? नाही बसवत. माणसांची तुलना मी करत नाही, राज्यकर्त्यांच्या हत्याराची करतो आहे. ते हत्यार कुणाच्याही हातात दिलं तरी सारखंच चालतं.

पुण्याची गोष्ट मराठी वाचकाला पाठ आहे, पण तिची एक बाजू आपण सहसा सांगत नाही. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारनं शहरावर दंडाचे पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च पुणेकरांच्या माथी मारला. नातू बंधूंना खटला न चालवता हद्दपार केलं. टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची सजा झाली. एवढा वरवंटा फिरवून दामोदर चापेकर सापडले का? ते सापडले इनामामुळे. वीस हजारांचं इनाम लागलं आणि द्रविड बंधूंनी खबर दिली. म्हणजे सरकारचं काम झालं ते आतल्या माणसाच्या एका खबरीनं. बाकी सगळ्या शहराला छळून काहीच हाती लागलं नाही. आणि छळाचा परिणाम काय झाला, तर फेब्रुवारी 1899 मध्ये द्रविड बंधू मारले गेले तेव्हा त्यांच्यासाठी हळहळणारं पुण्यात फारसं कुणी नव्हतं. पुढे 1909 मध्ये नाशकात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला. दंडाच्या पोलिसांनी काही थांबलं नाही.

माझं म्हणणं थोडक्यात हे आहे. दहशतवादी हा लोकांत लपलेला असतो. तो कुठल्या घरात जेवतो, कुणाची मोटारसायकल वापरतो, कुणाच्या नावावर सिमकार्ड घेतो, हे त्याच्या आसपासच्या पाच-पंचवीस माणसांना दिसत असतं. ती माणसं बोलली तर तो संपतो. ती बोलतात कधी? त्यांना त्याची भीती वाटते त्याहून सरकारचा भरवसा अधिक वाटतो तेव्हा. सरसकट शिक्षा नेमका तो भरवसा मोडते. ज्या शेजाऱ्याच्या तोंडी खबर येऊन थांबली होती, त्याच्याच भिंतीला तडे गेले की तो तोंड मिटतो आणि त्याचा धाकटा भाऊ जंगलाची वाट विचारू लागतो.

यावर तिघांची उदाहरणं हमखास पुढे येतात: पंजाब, श्रीलंका आणि रशियाचं चेचन्या. तिन्ही ठिकाणी मार देऊनच शांतता आली म्हणतात. ही उदाहरणं झटकून टाकण्यासारखी नाहीत.

पंजाबची आठवण गोव्यात निघाली की ज्युलिओ रिबेरो यांचं नाव निघतंच, आपले म्हणून. 1986 मध्ये ते पंजाबचे पोलीस महासंचालक झाले आणि 'गोळीला गोळी' हे शब्द त्यांच्या नावाला कायमचे चिकटले. त्याच वर्षी जालंधरमध्ये त्यांच्यावर हल्ला झाला. राजदूत म्हणून बुखारेस्टला गेले तर तिथेही 1991 मध्ये मारेकरी पोचले. अंगावर गोळ्या घेतलेला हा माणूस गेली कित्येक वर्षं एकच गोष्ट परोपरीनं लिहितो-बोलतो आहे: ज्या समाजातून अतिरेकी येतो तो समाज आपल्या बाजूला आल्याशिवाय अतिरेक संपत नाही.

पंजाबचा घटनाक्रम त्यांच्याच बाजूनं साक्ष देतो. सरसकट शिक्षा झाली ती 1984 मध्ये. जूनमध्ये, गुरुपर्वाला आलेले यात्रेकरू आत असताना, सुवर्णमंदिरात रणगाडे गेले. नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतर एकट्या दिल्लीत सरकारी आकड्यानुसार 2,733 शीख कापले, जाळले गेले. त्यानं दहशतवाद थांबला असता तर 1985 मध्ये पंजाब शांत दिसायला हवा होता. प्रत्यक्षात सगळ्यात रक्तबंबाळ वर्षं त्यानंतरची आहेत, नव्वदीच्या तोंडापर्यंतची. उतार लागला तो अतिरेकी खंडणीवर आणि पोलिसांच्या बायकापोरांवर उतरले तेव्हा. त्यांच्याशी लढणारे पोलीस बहुतेक त्याच गावांतले शीख होते, आणि जानेवारी 1993 च्या पंचायत निवडणुकीत खेड्यापाड्यांनी रांगा लावून मतदान केलं. पुढचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांच्या काळात पोलिसांनी कायदा गुंडाळून ठेवला हेही खरं. अमृतसर जिल्ह्यातल्या स्मशानांत 2,097 प्रेतं बेकायदा जाळली गेल्याचं सीबीआयनं नोंदवलं आहे. गिल यांचे चाहते म्हणतील, त्याशिवाय भागलं नसतं. मला हे पटत नाही, पण समजा पटवून घेतलं, तरी ते अमुक एका माणसाला हेरून मारणं होतं. गावच्या गाव पेटवणं नव्हतं. आणि त्या 2,097 मध्ये निरपराध किती होते याचा हिशोब पंजाबातल्या आया अजून मागतात.

श्रीलंकेत मे 2009 मध्ये तमिळ बंडखोरांचा पुढारी प्रभाकरन संपला, हे नाकारून चालणार नाही. पण त्याची लिट्टे ही गणवेश, तोफा आणि आरमार बाळगणारी, मुलूख धरून बसलेली सेना होती. समोरासमोर उभी राहिली म्हणून समोरासमोर हरली. ती पोखरली गेली तीही आतून, पूर्वेकडचा सेनापती करुणा 2004 मध्ये फुटला तेव्हापासून. शेवटच्या महिन्यांत 40,000 पर्यंत नागरिक मेले असावेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी म्हटलं. ज्यांना हा नमुना हवा आहे त्यांनी आकडा मोठ्यानं वाचून मग मागावा.

चेचन्याबद्दल तर एक अभ्यासही प्रसिद्ध आहे. रशियन तोफांनी भाजून काढलेल्या गावांतून नंतरचे हल्ले घटले, असं त्यात दिसतं. घटले असतील. चेचेन अतिरेक्यांनी मॉस्कोतलं नाट्यगृह 2002 मध्ये ओलीस धरलं आणि 2004 मध्ये बेसलानच्या शाळेत तीनशेहून अधिक माणसं मेली, त्यांत निम्म्याहून जास्त मुलं; ते मात्र त्या गावांच्या हिशोबात येत नाही. शेवटी रशियानं तो मुलूख सोपवला कादिरोव्ह घराण्याच्या हाती, जे पहिल्या युद्धात बंडखोरांच्या बाजूनं होते. इथेही घरचाच माणूस शोधावा लागला.

घरं पाडण्यात इस्रायलइतका मुरलेला देश दुसरा नाही. त्याच्याच लष्करी समितीनं 2005 मध्ये निष्कर्ष काढला की याचा धाक बसण्यापेक्षा द्वेषच जास्त वाढतो, आणि काही वर्षं ते बंदही झालं. पुढे राजकारणानं पुन्हा सुरू केलं. तिथल्या आकड्यांवर केलेल्या एका काटेकोर अभ्यासात असं दिसलं की आत्मघातकी हल्लेखोराचंच घर पाडलं तर थोडे दिवस हल्ले कमी होतात, पण केवळ जागेच्या सोयीसाठी कुणाचीही घरं पाडली तर हल्ले वाढतात. म्हणजे माझ्या विरोधातलाही पुरावा आहे, तो थोड्या दिवसांचा आहे एवढंच. 7 ऑक्टोबर 2023 च्या क्रूर हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे 1,200 माणसं मारली गेली. त्यानंतर गाझा जमीनदोस्त झालं, आणि जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री ब्लिंकन सांगत होते की हमासनं जेवढे लढवय्ये गमावले जवळपास तेवढेच नव्यानं भरती केले. ब्लिंकन हे काही हमासचे मित्र नव्हेत.

नाकेबंदीचं तरी काय? लोकांना टंचाई जाणवली की ते सत्तेला खाली खेचतील, ही समजूत गोव्यावरच तपासून झाली आहे. 1955 पासून भारतानं गोव्याची आर्थिक कोंडी केली. हेतू पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याला वाकवण्याचा होता, गोवेकरांना छळण्याचा नव्हता. पण मुंबईला कामाला असलेल्यांची ये-जा तुटली, घरी पैसे पाठवणं अवघड झालं. सालाझारनं बटाटे हॉलंडहून आणले, सिमेंट जपानमधून, आणि लोहखनिजाची निर्यात त्याच वर्षांत फोफावली. जुनी माणसं हॉलंडच्या बटाट्यांची चव अजून काढतात. डिसेंबर 1961 मध्ये सैन्य आलं आणि दोन दिवसांत काम आटोपलं. ती कारवाई राजवटीवर होती, म्हणून गोवा ती मुक्ती म्हणून साजरी करतो.

आपल्याच देशातलं मिझोरामही पाहण्यासारखं आहे. मार्च 1966 मध्ये मिझो बंड मोडायला आपल्या हवाई दलानं आपल्याच ऐझॉलवर बॉम्ब टाकले. पुढच्या वर्षापासून खेडीच्या खेडी उठवून लष्कराच्या पहाऱ्यातल्या वस्त्यांत कोंबली. बंड त्यानंतर वीस वर्षं चाललं. 30 जून 1986 ला करार झाला, बंडाचा पुढारी लालडेंगा मुख्यमंत्री झाला, आणि फेब्रुवारी 1987 मध्ये मिझोराम घटकराज्य बनलं. गोवा तीन महिन्यांनी, 30 मे रोजी. आज देशातल्या शांत राज्यांत मिझोरामचं नाव घेतात.

मग काय चालतं? चालतं ते कंटाळवाणं काम. ऑक्टोबर 2025 मध्ये श्रीनगरच्या नौगाम भागात जैश-ए-मोहम्मद या अतिरेकी संघटनेच्या नावाची पोस्टरं भिंतींवर दिसली. असली पोस्टरं फाडून टाकून पोलीस मोकळे होऊ शकले असते. त्यांनी सीसीटीव्हीचं चित्रीकरण घेतलं, लावणाऱ्या पोरांना ओळखलं, त्यांच्याकडून एका मौलवीपर्यंत गेले, मौलवीकडून डॉक्टरांच्या टोळीपर्यंत, आणि शेवटी हरियाणातल्या फरिदाबादेत सुमारे 2,900 किलो स्फोटक साहित्य हाती लागलं. टोळीतला एक निसटला, त्यानं 10 नोव्हेंबरला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ गाडी उडवली. ते 2,900 किलो पकडले गेले नसते तर काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही. त्यानंतर पुलवाम्यातलं त्याच्या कुटुंबाचं घर उडवण्यात आलं. त्या ढिगाऱ्यातून एक किलोही सापडलं नाही. आणि 14 नोव्हेंबरच्या रात्री त्याच नौगाम ठाण्यात जप्त साठ्याचे नमुने घेताना स्फोट झाला, 9 जण गेले. त्यांत काश्मिरी पोलीस होते, आणि नमुन्यांच्या पिशव्या शिवायला बोलावलेला तिथलाच एक शिंपी होता.

आमच्या दक्षिणेला कोकण रेल्वेनं काही तासांवर भटकळ आहे. इंडियन मुजाहिदीनच्या काळात त्या गावाचं नाव शिवीसारखं वापरलं गेलं. पण 2013 मध्ये नेपाळ सीमेवर तिचा म्होरक्या यासिन भटकळ पकडला गेला, साखळी एकेका कडीनं उलगडली आणि ती संघटना विरली. भटकळच्या बाजारात आजही जास्मिन फुलांचे गजरे विकले जातात. गावाला जाळायची गरज पडली नाही. मडगावातही 16 ऑक्टोबर 2009 रोजी, नरकासुराच्या रात्री, स्कूटरमधली स्फोटकं फुटून ती नेणारे दोघे हिंदू मेले. सहा जणांवर खटला झाला, 2013 मध्ये न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. त्या दोघांच्या आईबापांचं घर पाडा, असं तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या तोंडून निघालं नाही. माझ्याही नाही. नाव वेगळं असतं तर निघालं असतं का, हे ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं.

गोव्याला हा प्रश्न दूरचा नाही, कारण आपल्याला किनारा आहे. 26/11 चे हल्लेखोर 'कुबेर' नावाची मच्छीमार नौका पळवून आले, आणि मुंबईत किनाऱ्याला लागताना त्यांना पहिल्यांदा हटकलं ते तिथल्या कोळीवाड्यातल्या लोकांनी. पणजीजवळच्या मालीमच्या धक्क्यावरच्या ट्रॉलरांवर आज बहुतेक खलाशी ओडिशा, झारखंड, कर्नाटकचे आहेत. गावात चोरी झाली की आधी संशय त्यांच्यावर, ग्रामसभेत 'भायले' (बाहेरचे) म्हणून उद्धार त्यांचाच. अनोळखी बोट रात्री दोन वाजता दिसली तर ती त्यांनाच दिसणार आहे. मासेमारीबंदी 31 जुलैला संपते. ट्रॉलर निघण्याआधी ओळखपत्रं तपासायला पोलीस धक्क्यावर जातात. तपासणी जरूर करावी, सगळ्यांची करावी. पण त्याच फेरीत दर धक्क्यामागे एक हवालदार नेमून द्यावा, त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलू शकणारा, आणि त्याचा नंबर प्रत्येक तांडेलाच्या फोनमध्ये तिथल्या तिथे घालून द्यावा.